पावलाआधी एक घाव

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. इतर पहारी खड्डे खणतात, दगड उलथवतात, कुंपणाचे खांब रोवतात. माझे काम निराळे. मी बर्फावर घाव घालते आणि तो माणसाला पेलेल की नाही, ते धरणाऱ्याच्या हाताला सांगते.

माझा आधीचा जन्म तांब्याच्या खाणीत गेलेला. तेथे मी खडक फोडणारी लांब कांब होते. झिजून आखूड झाले तेव्हा खाणवाल्यांनी मला भंगारात टाकले. एलिएल कांगस नावाच्या लोहाराने मला भट्टीत लाल केले, टोकाला छिन्नीसारखी चपटी धार काढली आणि वरच्या बाजूला एक भोक पाडले. त्या भोकात चामड्याची वादी ओवली. वादी मनगटात अडकवायची, म्हणजे पहार हातातून निसटली तरी सरोवराच्या तळाला जात नाही. एलिएल म्हणाला, "वेइक्को, ही घे. आता बुडालास तर दोष माझा नाही."

वेइक्को लाहतेला कुरकी बेटावर राहत असे. उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातले हे बेट किनाऱ्यापासून चार किलोमीटरवर आहे. उन्हाळ्यात फेरीबोट चालते आणि हिवाळ्यात सरोवर गोठले की बर्फावरून रस्ता होतो. त्या रस्त्यावरून शाळेची बस जाई, तेलाची गाडी येई. एका वर्षी तर वरातही त्यावरूनच आली. पण सर्वांच्या आधी बर्फावर पाय ठेवायचा तो वेइक्कोने. तो एक घाव घाली, आवाज ऐके आणि मग एक पाऊल टाकी. पुन्हा घाव, पुन्हा पाऊल. काळा, काचेसारखा बर्फ खणखणीत वाजतो. त्याच्यावर भरवसा ठेवावा. पांढरा, भुसभुशीत बर्फ धप्प वाजतो. तो दिसायला जाड असतो, पण वेळेला दगा देतो. पहिल्याच घावाला पाणी वर आले, की मुकाट्याने मागे फिरायचे.

वेइक्को असे चार किलोमीटर चालून आला, की लोक नाताळात सजवून झालेली झाडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोवत. धुके पडले की तीच वाट दाखवत. वेइक्को फार बोलत नसे. संध्याकाळी सौनाच्या गरम वाफेत घाम काढून आला, की माझ्यावर तेलाचा हात फिरवी, बस. पण बेटावर कोणी विचारले, "रस्ता झाला का?" तर उत्तर एकच असे, "वेइक्कोची पहार पलीकडे जाऊन आली का?" मित्रांनो, त्या उत्तराचा मला फार अभिमान वाटे.

पुढे इंजिनावर फिरणारे गिरमिट आले. शंभर पावलांवर एक भोक पाडायचे, पट्टी घालून जाडी मोजायची, काम झाले! वेइक्को गेला आणि रस्त्याचे काम त्याच्या मुलीकडे, साइमाकडे आले. तिने गिरमिट वापरले. त्यात तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. थंडी तेव्हा कडक होती आणि बर्फ सगळीकडे सारखा जाड असे. मी मात्र लाकडांच्या खोपटात गेले. तेथे मी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकण होऊन उभी राहिले. अशी एकोणीस वर्षे गेली. धारेवर गंज चढला.

खोपटाशेजारीच इम्पीमावशीचे दुकान होते. सकाळी सगळे बेट तेथे कॉफीला जमे. भिंतीपलीकडून मला त्यांचे बोलणे ऐकू येई. ते बोलणे नेहमी हवेचेच असे.

"काय हा जानेवारी! माझ्या छपरावरून पाणी ठिबकतंय."

"बरंच आहे की. लाकूड वाचतंय."

"माझा कुत्रा केस गाळायला लागलाय, म्हटलं बाबा, अजून तीन महिने आहेत!"

"आज हवा विचित्र आहे," इम्पीमावशी रोज म्हणे आणि सगळे रोज हसत. "मावशी, तुझी हवा गेली दहा वर्षं विचित्रच आहे."

हसून झाले की ते कप ठेवून आपापल्या कामाला जात. रस्ता कधी दहा आठवडे टिके, कधी सहा, कधी तीन. त्याच्यावरही विनोद होत. मी दाराला टेकून ऐकत राही.

मग तो हिवाळा आला. डिसेंबरात आठ दिवस चांगली थंडी पडली. बंदर गोठले, म्हणून फेरीबोट दरवर्षीप्रमाणे पलीकडच्या काठावर दुरुस्तीसाठी वर ओढली गेली. नाताळ होताच साइमाने झाडेही रोवली. आणि जानेवारीत पाऊस सुरू झाला. बर्फावर पाऊस! आठवडाभर पाऊस आणि त्यावर दाट धुके. बर्फ इतका राहिला नाही की गाडी जाईल, आणि इतका गेलाही नाही की होडी चालेल.

सुलो नीमेला हा बेटावरचा सुतार. त्याची बायको हेल्वी साइमाची लहानपणापासूनची मैत्रीण. हेल्वीची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी पलीकडे न्यावे लागे. सोमवारची वेळ चुकली. बुधवारचीही चुकली. धुक्यात हेलिकॉप्टर उडेना. बचावपथकाची होडी शंभर मैलांवर दुसऱ्यांना सोडवत होती. शुक्रवारी सकाळी हेल्वीचे पाय सुजून बुटात मावेनासे झाले आणि तिला धाप लागू लागली.

सुलोने बर्फावर धावणारी स्कूटर काठाला आणली. साइमा तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो, साइमा."

"नाही."

"माझी बायको मरतेय आणि तू मला नियम सांगतेस?"

"स्कूटरवर बसवलीस तर अर्ध्या तासात मरेल. तू पण."

"तुझा बाप असता ना, तर रस्ता उघडला असता त्यानं!"

"माझा बाप असता तर तुझी किल्ली एव्हाना पाण्यात असती." साइमाने हात पुढे केला. "दे इकडे. तिला आज पलीकडे न्यायचंच आहे. पण चालत."

किल्ली घेऊन ती थेट खोपटात आली. तिने मला उचलले आणि दार वाऱ्याने धाडकन आपटले. दगडावर घासून तिने माझी धार उजळली. जुनी वादी तुटली होती, तिथे दोर बांधला. "गिरमिट शंभर पावलांवरचं सांगतं," ती शाळेच्या मास्तराला, आर्विदला म्हणाली. "मला पुढच्या एका पावलाचं कळायला हवं."

त्यांनी मासेमारीची हलकी, सपाट बुडाची होडी बर्फावर घेतली. तिच्यात रजया पसरून हेल्वीला बसवले. बर्फ फुटला तरी होडी तरंगेल, हा हिशेब. लांब दोर बांधून आर्विद आणि सुलो ती ओढणार होते, एकमेकांपासून दहा पावले दूर. सर्वांत पुढे मी आणि साइमा.

निघताना इम्पीमावशी दुकानातून काठी टेकत आली. "झाडांच्या रांगेनं जाऊ नका," ती म्हणाली. "रांगेच्या कडेलाच, त्या पाईन टोकाच्या भूशिरापाशी पाणी गोठलेलंच नाही यंदा. पावसाआधी रोज सकाळी तिथनं वाफ निघताना दिसायची खिडकीतून. बदकंही उतरत होती."

साइमा थबकली. "मावशी! हे आधी का नाही सांगितलंस?"

"रोज सांगते की! आज हवा विचित्र आहे, आज हवा विचित्र आहे. कुणी पुढं विचारलं मला, काय विचित्र आहे म्हणून?"

साइमाने एकदा मान हलवली आणि आम्ही उत्तरेकडून वळसा घेऊन निघालो.

मित्रांनो, त्या दिवशी मी किती घाव घातले ते मला ठाऊक नाही. एकोणीस वर्षांनी बर्फाचा आवाज ऐकत होते आणि तो मला ओळखीचा वाटेना. वर पाणी, त्याखाली भुसभुशीत पांढरा थर, मग पुन्हा पाणी आणि मग कोठेतरी जुना काळा बर्फ. एके ठिकाणी तीन घाव सोसणारा बर्फ दोन हातांवर पहिल्याच घावाला फुटे. साइमा मग उजवीकडे चाचपे, डावीकडे चाचपे, आणि वाट सापडेपर्यंत कोणाला हलू देत नसे. गुडघ्यापर्यंत भिजली होती. तळहाताचे फोड फुटून दोर लाल झाला होता. पण प्रत्येक घाव पहिल्या घावाइतकाच जोराचा होता. अशा हातात असणे काय असते, ते मी विसरले होते.

अर्ध्या वाटेवर धुक्यात झाडांची रांग दिसली. सुलो ओरडला, "ती बघ झाडं! सरळ जाऊ. वळसा घालत बसलो तर अंधार पडेल."

"ती झाडं डिसेंबरची आहेत, सुलो. आज जानेवारीची अठरा तारीख आहे."

पुढे बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढून कमरेएवढा बांध झाला होता. होडीचे नाक त्यात अडकले. साइमाने सांगितले होते की माझ्या मागची पावले सोडायची नाहीत. पण हेल्वीची धाप ऐकून सुलोला राहवेना. होडीला बाजूने रेटायला म्हणून त्याने वाटेबाहेर एक पाऊल टाकले. फक्त एक. माझा घाव तेथे पडलेला नव्हता.

आवाजसुद्धा झाला नाही. सुलो छातीपर्यंत पाण्यात होता.

हेल्वीने होडीतून वाकून त्याची कॉलर धरली. चार दिवस जिला चमचा उचलवत नव्हता, त्या बाईने ती कॉलर सोडली नाही. आर्विदने पलीकडून दोर ताणला. साइमा पोटावर सरपटत आली आणि माझे दोर बांधलेले वरचे टोक तिने सुलोपुढे धरले. त्याने मला दोन्ही हातांनी कवटाळले. साइमा मागे ओढत होती, मी मधे ताणली गेले होते आणि सुलोचे दात वाजताना मला थेट माझ्या लोखंडात ऐकू येत होते. दोनदा कडा तुटली. तिसऱ्यांदा तो होडीत आडवा पडला.

हेल्वीने आपल्या दोन रजया त्याच्यावर टाकल्या. "आता बस गप्प," ती धापा टाकत म्हणाली. "चाळीस वर्षं तुला एवढंच सांगतेय."

साइमा हसली आणि हसता हसता रडली. मग उठून तिने घाव घातला. आता होडीत दोघे होते आणि ओढायला एकटा आर्विद. म्हणून साइमाने दोराचे दुसरे टोक आपल्या कमरेला बांधले. पुढे घाव घालायचा आणि मागे ओढायचे, दोन्ही तिनेच. पलीकडचे दिवे दिसेपर्यंत ती एकच वाक्य बोलत होती, "अजून एक, हेल्वी. अजून एक." काठावर रुग्णवाहिका उभी होती. पोचायला साडेचार तास लागले.

हेल्वी वाचली. सुलोच्या पायाची दोन बोटे मात्र गेली. दवाखान्यातून आल्यावर तो साइमाकडे आला, पण आभार वगैरे म्हणाला नाही. त्याने मला नेले. आपल्या कारखान्यात तीन दिवस ठेवून सगळा गंज काढला, धार लावली आणि हातात धरण्याच्या जागी चिवट, टणक लाकडाची मूठ बसवली. परत देताना इतकेच म्हणाला, "आता फोड येणार नाहीत."

त्या हिवाळ्यात रस्ता उघडलाच नाही. पण होडी, दोर आणि मी आठवड्यातून तीनदा निघत होतो. ओढणारे बदलत. तेलाची गाडी चालवणारे आले, मुलांच्या आया आल्या. फेरी पुन्हा पाण्यात उतरेपर्यंत हेल्वीची एकही वेळ चुकली नाही.

आणि दुकानातले बोलणे बदलले. विषय हवेचाच आहे, विनोदही आहेत. पण आता इम्पीमावशी म्हणाली, "आज हवा विचित्र आहे," की चारजण कप खाली ठेवून विचारतात, "काय दिसलं, मावशी?" मग कोणी सांगतो, माझ्या धक्क्याखाली फट पडलीय. कोणी सांगते, बदके कोठे उतरली. साइमा ऐकते, कोट चढवते आणि मला घेऊन ते पाहायला जाते. बेटावरच्या लोकांनी नंतर बैठका घेतल्या, भांडले, आणि पाण्यावरही बर्फावरही चालणारी एक मोठी होडी बांधायला घेतली. सुलो तिचा सांगाडा करतो आहे. सुतार आहे, त्यामुळे सर्वांवर ओरडतो. सांगाडा अजून अर्धा आहे. थंडी त्याच्यासाठी थांबणार नाही, म्हणून ते रविवारीही काम करतात.

मित्रांनो, मला पुन्हा खोपटात टेकण व्हायचे नाही, हे खरे. पण माझी विनंती माझ्यापुरती नाही. तुमच्या गावातही लोक म्हणत असतील, यंदा थंडी पडलीच नाही, यंदा झाडाला मोहोर लवकर आला. ते ऐकून नुसते हसू नका. काय दिसले, कोठे दिसले, कधीपासून, हे विचारा. ज्याला धाप लागली आहे त्याला आधी होडीत बसवा. आणि ज्या जुन्या गोष्टींना तुम्ही दाराला टेकवून ठेवले आहे, त्यांच्यावरचा गंज वेळेत काढा. गरज सांगून येत नाही.

साइमा कोट घालते आहे. बाहेर पुन्हा पाऊस आहे. आम्हाला निघायला हवे.