विद्याक्कांनी घर विकायला काढलं

खासबागेतल्या विद्युल्लताबाईंनी घर विकायला काढलं, तेव्हा गल्लीतल्या बायका त्यांचं सांत्वन करायला आल्या. पहिल्या आल्या त्या समोरच्या अक्काताई. डोळ्याला पदर लावूनच त्या पायऱ्या चढल्या. "आता कसं गं व्हायचं तुझं, विद्या?" असं म्हणाल्या आणि स्वतःच रडायला लागल्या. विद्युल्लताबाई त्या वेळी स्टुलावर उभ्या राहून भिंतीतले जुने खिळे उपटत होत्या. त्यांनी खाली उतरून अक्काताईंना पाणी दिलं, चहा दिला, पाठीवरून हात फिरवला. अक्काताई बऱ्या होऊन घरी गेल्या आणि बाई परत स्टुलावर चढल्या.

त्यांना खरंच वाईट वाटत नव्हतं. सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर गेलेली, त्यामुळे समोरचा माणूस काय मागतोय आणि त्याला काय द्यायचं, हे त्यांना पटकन कळायचं. स्वतःला काय हवं, ते मात्र नवरा गेल्यावर हळूहळू कळलं. मैत्रीण मनुबाई टिळकवाडीत राहायची. तिच्या शेजारचा फ्लॅट रिकामा झाला. एकच बेडरूम, पण लिफ्ट होती, खाली भाजीवाली बसायची आणि शेजारी मनुबाई. बाईंनी बघितला आणि ठरवलं.

मग मुलांना फोन केले. थोरला रघुवीर पुण्याला होता, धाकटी चिन्मयी निपाणीला दिलेली.

"एकदम असं कसं ठरवलंस, आई?" रघुवीर म्हणाला.

"एकदम कुठं? वर्षभर ठरवतीय. तुझा फोन आला की तूच बोलतोस, मग सांगायचं राहून जातं."

चिन्मयी तर फोनवरच हुंदके द्यायला लागली. "माझं माहेर विकतीस?"

"माहेर टिळकवाडीला येतंय गं. बसमधनं दोन स्टॉप अलीकडं उतरायचं."

घर दाखवायचं काम भावकूकडं होतं. तो मूळचा सांबऱ्याचा, जागांची दलाली करणारा, बाईंना आक्का म्हणायचा. त्यानं घर फिरून बघितलं आणि सांगितलं, "आक्का, गिऱ्हाईक सामान बघत न्हाय, जागा बघतंय. घर मोकळं दिसाय पायजे. रंग द्या, आणि तो माळा आधी रिकामा करा."

रंग बाईंनी आठवड्यात लावून घेतला. माळ्यावरचं सामान मात्र मुलांचं होतं, म्हणून दोघांना बोलावलं. शुक्रवारी रात्री दोघं हजर झाली. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. शनिवारचा अख्खा दिवस हातात होता, आणि दोन धडधाकट माणसांना एक माळा म्हणजे काहीच नव्हे, असा बाईंचा हिशेब.

सकाळी रघुवीर शिडी लावून वर चढला आणि सामान खाली देऊ लागला. चिन्मयी खाली उभी राहून ते घेऊ लागली. पहिल्यांदा आला एक फुटका कॅरम.

"हा टाकायचा," बाई म्हणाल्या.

"आई!" दोघं एकदम ओरडली.

"मग घेऊन जा."

"पुण्यात कुठं ठेवू?" रघुवीर म्हणाला. "राहू दे ना इथंच."

"इथं म्हणजे कुठं रं? विकलेल्या घरात?"

कॅरम हॉलमध्ये भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्यामागून चिन्मयीनं सातवीत केलेला थर्माकोलचा ज्वालामुखी आला, एकच चाक उरलेली सायकल आली, आप्पांचा, म्हणजे बाईंच्या नवऱ्याचा, बंद पडलेला टेबलफॅन आला. प्रत्येक वस्तूची एक गोष्ट होती आणि ती दोघांना वेगवेगळी आठवत होती, त्यामुळे भांडणंही होत होती. सायकलवरून कोण पडलं होतं यावर अर्धा तास गेला. दोघंही म्हणत होती, मीच. दुपारपर्यंत माळा रिकामा झाला, पण हॉलमधून स्वयंपाकघरात जायला बाईंना साडी सावरून ज्वालामुखी ओलांडावा लागत होता.

 जेवताना रघुवीर ताटातला भात चिवडत म्हणाला, "आई, तुला खरंच काहीच वाटत नाही? आप्पांनी केवढ्या हौसेनं बांधलं हे घर."

"हौसेनं बांधलं खरं," बाई म्हणाल्या. आवाजात चेष्टा नव्हती. "पुढं हॉलला मोठी खिडकी काढली. तिथं बसून पेपर वाचायचे. मी मागं, ह्या अंधारात. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय मला मीठ कुठलं नि साखर कुठली कळत नव्हतं. मला रस्ता दिसणारं स्वयंपाकघर पाहिजे, बाबा. त्या फ्लॅटला तसं आहे. कुकरची शिट्टी होईस्तोवर कोण कुठं चाललंय ते बघायचंय. एवढंच."

रघुवीरनं वर बघितलं. दुपारचा एक वाजला होता आणि डोक्यावर दिवा जळत होता. तो उठला, खरकटा हात तसाच धरून कोपरानं बटण बंद केलं. ताटं दिसेनाशी झाली. या खोलीत तो वाढला होता, हजारो वेळा जेवला होता, आणि दिवा कायम चालू असतो हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्यानं परत दिवा लावला आणि आईच्या ताटात एक पापड वाढला. 

तेवढ्यात बाहेरून भावकूची हाक आली. "आक्का, हाय काय घरात? पाहुणं उद्या न्हाय म्हणत्यात, आजच घेऊन आलो बघा!"

त्याच्यामागं एक जोडपं उभं होतं. नागेंद्र मच्छे गावच्या कारखान्यात हिशेबनीस होता, त्याची बायको सौम्या शाळेत शिकवायची. दोघांचं घरातलं बोलणं कन्नड, पण मराठी चांगलं यायचं. हॉलमधलं सामान बघून भावकूनं कपाळाला हात लावला.

रघुवीरला मात्र एकदम जोर चढला. बाईंनी डोळे मोठे करून बघितलं तरी त्यानं सुरू केलंच. "सगळं स्पष्ट सांगितलेलं बरं. संध्याकाळचं ऊन सरळ आत येतं. उन्हाळ्यात हॉल तापतो."

"कपडे लवकर वाळतील," सौम्या म्हणाली.

"आणि शेजारी माग आहेत. दिवसभर खटखट, खटखट. पाहुण्यांना तर झोपच येत नाही."

सौम्या थांबून ऐकायला लागली. भिंतीपलीकडून मागांचा आवाज येतच होता. तिचा चेहरा खुलला. "आमचं माहेर रबकवीचं. वडलांचे घरात चार माग होते. लग्न झाल्यावर शांत फ्लॅटमध्ये मला महिनाभर झोप आली नव्हती."

चिन्मयीला हसू आलं. ते लपवायला ती कॅरमच्या मागं वाकली. भावकू घाईघाईनं म्हणाला, "चला, स्वयंपाकघर बघू."

नागेंद्र तिथं सगळ्यात जास्त वेळ रेंगाळला. ओट्याची उंची बघितली, डबे ठेवायची फळी बघितली. "स्वयंपाक मीच करतो," त्यानं सांगून टाकलं. मग मागच्या भिंतीवर हात ठेवला. "ह्या पलीकडं काय?"

"आमचंच परसू," बाई म्हणाल्या. "शेवग्याचं झाड आहे."

"मग इथं खिडकी का नाही काढली?"

 बाई त्या भिंतीकडं बघत राहिल्या.

"सांगितलं होतं मी," त्या शेवटी म्हणाल्या. "दर वर्षी सांगत होते. ह्यांचं एकच, पुढच्या उन्हाळ्यात काढू. मग मीच सांगायचं सोडलं." आणि त्या हसायला लागल्या. आधी थोडं, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. चिन्मयीनं त्यांचा हात धरला.

रघुवीरच्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. पाहुण्यांसमोरच तो म्हणाला, "आई, मग आपणच काढू की खिडकी! उद्या गवंडी बोलावतो. घर विकायची गरजच काय?"

भावकूच्या तोंडचं पाणी पळालं. नागेंद्र आणि सौम्या एकमेकांकडं बघायला लागले. बाईंनी पदरानं डोळे पुसले.

"तू लई गुणाचा आहेस रं," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या आप्पांसारखाच आहेस. बाई निघाली की मग खिडकी काढणारा." मग नागेंद्रकडं वळल्या. "खिडकी मोठी काढा. आणि झाड तोडू नका, शेंगा चांगल्या लागतात. घर पसंत आहे न्हवं?"

"व्हय, व्हय," नागेंद्र घाबरून म्हणाला.

व्यवहार ठरला. रविवारी दोघा भावंडांनी न भांडता सामान वाटून घेतलं. ज्वालामुखी रघुवीरनं मागून घेतला, का ते त्याचं त्यालाही सांगता आलं नाही. सायकल चिन्मयीनं घेतली.

घर सोडायच्या दिवशीही दोघं आली. टेम्पो भरून झाला, मनुबाईचे दोन फोन येऊन गेले, तरी बाई बाहेर येईनात. चिन्मयी आत गेली. बाई रिकाम्या हॉलमध्ये केर काढत होत्या. केर कधीच निघाला होता. त्या तरीही भिंतीच्या कडेकडेनं केरसुणी फिरवत होत्या, सावकाश.

"आई, किती वेळ?"

"कोपरे लई आहेत गं ह्या घराला," बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

 चिन्मयी दारात बसून राहिली. थोड्या वेळानं बाईंनी केरसुणी ठेवली, हात धुतले आणि बाहेर आल्या. पायऱ्यांवर अक्काताई पदर तोंडाशी धरून उभ्याच होत्या. बाईंनी त्यांना मिठी मारली आणि ह्या वेळी दोघीही रडल्या.

मग विद्युल्लताबाई टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसल्या. रघुवीर म्हणाला, "आई, अगं माझी कार आहे की."

"तू मागनं ये," त्या म्हणाल्या. "इथनं सगळं नीट दिसतंय."