सिंकखालचे कॉक

आज पहाटेही सेबॉमने बाथरूममधला गरम नळ पूर्ण सोडला, दार लोटलं आणि स्वयंपाकघरात येऊन बसली.

घरात बॉयलर एकच. नळाला गरम पाणी चालू असलं की तो खोल्या तापवणाऱ्या, जमिनीखालच्या पायपांत पाणी सोडत नाही. बॉयलर बसवणाऱ्याच्या पोरीला हे वेगळं शिकवावं लागत नाही. वाहू दे. म्हाताऱ्या बापाची पाठही गारठू दे.

तिच्या खोलीची जमीन बर्फ झाली होती. तिने शाळा सोडली, त्याच दिवशी बापाने सिंकखालचा तिच्या खोलीच्या पायपाचा कॉक फिरवून बंद केला होता.

"बाहेरचं जग किती गार असतं ते कळू दे. कॉकला हात लावायचा नाही. चुकलं म्हण, मीच उघडतो."

तिने हातही लावला नाही, चुकलंही म्हटलं नाही.

बाप खोलीतून आला तो जाकीट घालूनच. बाथरूमकडे कान दिला, मग भातात सूप ओतलं.

"पाणी वाहतंय."

"वाहू दे."

"आंघोळ आहे का मासे पाळलेस?"

"झोप लागली का तुम्हाला?"

"मस्त."

"गार नाही लागलं?"

"मला कशाला लागेल? मी कुठे शाळा सोडलीय?"

किमचीची वाटी तिच्यापुढे सरकवून त्याने हत्यारांची पिशवी उचलली आणि गेला.

मस्त म्हणे. रोज पहाटे नळ सोडते, आणि हा मस्त झोपतो? नक्की विजेवर तापणारी गादी आणून लपवली असणार. ती तणतणत त्याच्या खोलीत शिरली. अंथरूण उलथंपालथं केलं. तसली गादी नव्हती. रजईत जाड मोजे होते, मफलर होता. तिने जमिनीवर पाय टेकला आणि झटकन उचलला. ही थंडी एका रात्रीत मुरलेली नव्हती.

तिने सिंकखालच्या कपाटाचं दार उघडलं. स्वयंपाकघराच्या कॉकची मूठ सरळ होती, म्हणजे चालू. तिच्या खोलीची आडवी, बंद. त्याच्या खोलीचीही आडवी. दोन्हींवर धूळ सारखीच.

"बिनडोक माणूस," ती म्हणाली. "एक नंबरचा बिनडोक."

तिने त्याची मूठ सरळ केली. स्वतःची तशीच ठेवली. बाथरूममध्ये जाऊन नळ आवळला. बॉयलरचा आवाज बदलला.

मग त्याच्या अंथरुणाशेजारी तळवा टेकून बसली, जमीन तापेपर्यंत त्याला शिव्या देत.