कान तयार करून मिळतील

अक्षदाच्या पहिल्या हाकेला सोहम हलायचा नाही, दुसरीला हलायचा नाही, तिसरीला फार तर नाक खाजवायचा. चौथ्या हाकेला, म्हणजे ग्रिलवरची कबुतरं उडतील अशा हाकेला, तो मान वळवून म्हणायचा, "काय गं, सारखी ओरडतेस."

दुसरीतलं पोर. दुसऱ्या कुठल्या आईने याला खोड म्हटलं असतं आणि एक धपाटा घालून विषय मिटवला असता. पण अक्षदाने मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलं होतं, त्यामुळे तिला नुसती खोड पुरायची नाही, कारण लागायचं. आणि कारण मोबाइलवर शोधलं की ते कायम वाईटच निघायचं. तिने सोहमच्या पाठीमागे वाटी आपटून पाहिली. ढिम्म. कुकरचं झाकण पाडलं. ढिम्म. वेफर्सचं पाकीट मात्र दार लावून, ओढणीत गुंडाळून फोडलं, तरी कार्टं हात पुढे करून दारात हजर. म्हणजे काही आवाज ऐकू येत होते, काही येत नव्हते. मोबाइलवर त्यालाही एक लांबलचक नाव होतं. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

घरात बोलायची सोय नव्हती. नवरा अभिजीत "बघू" म्हणाला, आणि त्याचं "बघू" म्हणजे काय ते अख्ख्या अंबरनाथला माहीत होतं. सासरे शरदचंद्र टीव्हीवरच्या बातम्यांतून मान न वळवता म्हणाले, "आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या कानाला काही झालेलं नाही. पोराला मशीन लावून फिरवणार आहेस का?" ते हे ओरडून बोलले, कारण टीव्ही त्यांच्याहून जोरात ओरडत होता. मग अक्षदाने बदलापूरच्या कानाच्या डॉक्टरांकडची गुरुवारची वेळ गुपचूप घेतली आणि गुरुवारपर्यंत श्वास कसा घ्यायचा या विवंचनेत पडली.

अशा मनःस्थितीत ती कॅम्प पाचच्या सिंधी बाजारात पडद्याचं कापड घ्यायला गेली, आणि एका शिलाईच्या कारखान्यावर तिला पाटी दिसली: 'म्युझिक क्लास. थिअरी, कीबोर्ड. येथे कान तयार करून मिळतील.'

कान तयार होणं म्हणजे सूर ओळखता येणं, एवढं तिला कळत होतं. पण खाली 'अर्जंट अल्टर करून मिळेल' अशी कारखान्याची पाटी होती आणि ती दोन्ही पाट्या एका दमात वाचून गेली. कान, अर्जंट, करून मिळतील. डोळ्यांत पाणीच आलं बाईच्या. कापड राहिलं, ट्रायल क्लास ठरला.

शनिवारी तिघं रिक्षाने निघाली. तिघं, कारण पोराला कोण कुठे नेतंय हे बघायला सासरेही चढले. "सुरांचं मला सांगू नकोस," ते म्हणाले. "प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या मशीनांत, नोकरी काढली मी. नुसत्या आवाजावरून सांगायचो, कुठल्या मशीनचं बेअरिंग गेलंय."

भूपेश सर निघाले तिच्याच वयाचे, पोट सुटलेले, पायात क्रॉक्स. फळ्यावर त्यांनी सात सूर लिहून मुलांना गाऊन दाखवले. मग 'सा' लिहिला, पुढे 'प' लिहिला आणि म्हणाले, "हां, बघून गायचं."

"साप," सगळी मुलं एकदम म्हणाली.

"वाचायचं नाही, बाबा. गायचं. डोळ्याने बघायचं, कानात ऐकायचं, मग तोंड उघडायचं. तुम्ही लोक डायरेक्ट तोंड उघडता."

मग कानांची परीक्षा. सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं, कीबोर्डवर सूर वाजला की हात वर. अक्षदाला हेच हवं होतं आणि हेच नको होतं.

"मलाही घ्या," म्हणत सासरेही भिंतीकडे तोंड करून पोरांच्या रांगेत उभे राहिले.

भूपेश सरांनी खालून सुरुवात केली. जाड, घुमणारा सूर. सगळ्यांचे हात वर, सासऱ्यांचा सर्वांत उंच. सोहमचाही. पुन्हा तोच सूर. सोहमचा हात खाली. पुन्हा. खाली. अक्षदाच्या डोळ्यांपुढे मशीन लावलेलं पोर, शाळेचा डबा, लग्नाची बोलणी, सगळं येऊन गेलं. सर वर वर गेले, बारीक, हळू सुरांपर्यंत. सोहम भिंतीचा रंग खरवडत होता. शेजारी सासरे ताठ उभे होते, हात खाली.

"चालू करा की," सासरे म्हणाले.

सूर वाजतच होता. भूपेश सरांनी अक्षदाकडे पाहिलं. अक्षदाने सासऱ्यांकडे पाहिलं. पण तिचा जीव पोरात अडकला होता, तिने नजर परत सोहमवर आणली.

"काय रे, हात का नाही वर केला?" सरांनी विचारलं.

"केला होता पहिल्यांदा," सोहम म्हणाला. "नंतर तोच तोच वाजवत होते. मग सगळेच सूर वाजवायला लागले. किती वेळा वर करू, हात दुखतो."

भूपेश सर खुदकन हसले. "भाभी, याला हाक मारा."

"सोहम."

पोराने भिंत सोडली नाही. सरांनी दोन पट्ट्या दाबल्या. हुबेहूब तिची हाक. "प, ग. अजून मारा."

"सोहम."

"परत प, ग. अजून."

"सोहम." तेच. मग मात्र तिचं डोकं फिरलं. "सोहम."

पोरगं गर्रकन वळलं. "वरचा सा," भूपेश सर म्हणाले. "भाभी, कान एकदम फर्स्ट क्लास आहे. सिर्फ तुमची इज्जत नाही करत."

"खालची हाक नुसतीच असते," सोहमने समजावून सांगितलं. "वरची आली की उठायचं."

अक्षदाला हसू आलं, रडू आलं, आणि पोराला तिथेच बडवावंसंही वाटलं. तिन्ही एकदम आल्यामुळे ती नुसतीच बसून राहिली.

शेवटी भूपेश सरांनी एक ओळ लिहिली: म ग सा सा रे ग प. "सोहम, तू. बघून गा."

सोहमने गायलंही आणि वाचलंही. "मग सासरे गप."

वर्गात हशा फुटला. सिंधी घरात वाढलेल्या भूपेश सरांना काही कळेना. "क्या हुआ? सरगमच आहे ना?" मुलं बाकांवर लोळत होती. अक्षदाने जीभ चावून मागे पाहिलं. आता उसळणार.

सासरे शांत बसले होते. सगळे हसतायत म्हणून तेही जरासे हसत होते. "काय म्हणाला गं?"

तेव्हा तिला सगळं ऐकू आलं. ओरडणारा टीव्ही. वाजून वाजून थांबलेली बेल. ती वरच्या सुरात सांगायची आणि हे "काय?" म्हणायचे, ते तिला इतकी वर्षं तोरा वाटायचं.

परतीच्या रिक्षात ती त्यांच्याकडे वळली, आवाज मुद्दाम खाली उतरवला, पुरुषी वाटेल इतका, आणि हळू म्हणाली, "बाबा, गुरुवारी बदलापूरला जायचंय. कानाच्या डॉक्टरांकडे."

"ऐकू येतंय मला, ओरडतेस कशाला," सासरे म्हणाले. मग बाहेरच्या दुकानांकडे बघत त्यांनी विचारलं, "सोहमसाठी ना?"

"वेळ आपल्या आडनावाने घेतलीय," ती तशाच आवाजात म्हणाली. "आधी तुम्ही दाखवा. मग तो घाबरणार नाही."

"हं. पोराला धीर यायला पाहिजे," ते म्हणाले.

मधे बसलेलं पोर मांडीवर ताल धरून गुणगुणू लागलं. म ग सा सा रे ग प. अक्षदाने त्याला कोपर मारलं. सासऱ्यांनी मान डोलावली. "चाल चांगली आहे," ते म्हणाले.