तुळईखालचा मधला खांब

मित्रांनो, मी विनिपेगमधल्या एका घराची जुनी तुळई. तुम्ही तुळई पाहिली नसेल. बेसमेंटच्या छताशी आडवं पडलेलं जाडजूड लाकूड असतं ना, ती मी. माझ्या पाठीवर सगळं घर आणि माझ्याखाली टेकूला तीन लोखंडी खांब, एवढाच माझा संसार.

व्हँकुव्हरकडच्या जंगलातलं माझं लाकूड. आगगाडीने आले, इथे चढवली गेले आणि मग पाठ दुखते म्हणून कधी तक्रार केली नाही. छतावर बर्फ साचला, वर पियानो आला, पोरांनी उड्या मारल्या. मी हूं की चूं केलं नाही. बढाई वाटली तर वाटू दे. नागपूरचे डॉक्टर हेमचंद्र हे घर बघायला आले, तेव्हा माझ्यावर थाप मारून बायकोला म्हणाले, "प्रमोदिनी, लाकूड पक्कं आहे हो!" कौतुक म्हणाल तर जन्मात तेवढंच. पुढे त्यांनी खालून पांढरे तक्ते ठोकले आणि मला विसरून गेले.

दोन हजार नऊ साली डॉक्टरांची पंचाहत्तरी आली. प्रमोदिनीबाईंनी हट्ट धरला, बेसमेंटमध्ये पाट मांडून पंगत बसवायची.

"पण हा मेला खांब नेमका मध्ये!" त्या म्हणाल्या. "वाढताना काय त्याला मिठी मारायची?"

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत राजन नावाचा एक जण भेटला होता. घरांची कामं करतो म्हणे. त्याला बोलावलं. त्याने आधी थालीपीठ खाल्लं, मग खांबावर टिचकी मारली. "काकू, हा नुसता शोभेचा. घेतो काढून."

शोभेचा! माझ्या कमरेचा टेकू, आणि शोभेचा!

तो गेल्यावर सून गौरांगी म्हणाली, "आई, त्यांचं लायसन्स बघू या ना. आणि अशा कामाला परमिट लागतं. सिटीच्या ऑफिसला एक फोन करते."

"अगं, माझ्या हातचं मागून मागून खाल्लं त्याने. जेवलेल्या माणसाला कागद मागतात का? उद्या मंडळात तोंड कसं दाखवू?"

"बाबा, तुम्ही तरी सांगा."

"राहू दे गं," डॉक्टर म्हणाले. "दुखावेल तो."

स्वतःचं लायसन्स काचेत घालून भिंतीवर लावणारा माणूस हा! दुसऱ्याचं विचारायला मात्र जीभ उचलली नाही.

खांब कापला तेव्हा माझी कंबर खचली. मी ओरडले. पण लाकडाचं ओरडणं माणसांना कुरकूर वाटतं. "जुनं घर, कुरकुरणारच," सगळे म्हणाले. म्हाताऱ्यांना असंच म्हणतात.

मग वरच्या किचनचं दार अडकायला लागलं. गौरांगीने राजनला बोलावलं, तर त्याने दार रंध्याने तासून दिलं. "थंडीने लाकूड फुगतं, वहिनी." अरे शहाण्या, इथल्या थंडीत, हीटिंग लावलेल्या घरात लाकूड सुकतं! दार वाकडं झालं होतं, कारण मी वाकले होते.

"आई, मला भीती वाटते. खांब परत बसवून घेऊ," गौरांगी म्हणाली.

"कार्य होऊ दे. मग काय ते बघू."

कार्याच्या दिवशी वर औक्षण झालं. पाटांभोवती रांगोळी काढायला प्रमोदिनीबाईंनी गौरांगीला खाली पाठवलं होतं. वर कुणी तरी फोटोसाठी हाका मारायला लागलं, "मध्ये या, सगळे मध्ये या!" मध्ये म्हणजे बरोबर तिथे, जिथे खाली आता खांब नव्हता. मी धरून ठेवलं. जीव खाऊन धरून ठेवलं. खाली ती पोर एका पाटाशी वाकली होती, तिला हाक मारायला मला तोंड नव्हतं.

मी मोडले ती तिच्याच अंगावर.

प्रमोदिनीबाई नखं तुटेपर्यंत तक्ते उपसत होत्या. "माझ्या पोरी, माझ्या पोरी," एवढंच बोलत होत्या. गौरांगी वाचली. पण कमरेखाली तिला काही हलवता येईना.

सिटीचा माणूस आला. त्याने परमिट मागितलं, ते कुणी काढलंच नव्हतं. राजनचा फोन बंद. चौकशीत कळलं, लायसन्स त्याच्याकडे कधी नव्हतंच.

माझे दोन तुकडे अंगणात टाकले. बर्फ वितळल्यावर तिथून मला पुढचं दार दिसायला लागलं. गौरांगीच्या चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायला एक जण आला. प्रमोदिनीबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"आधी लायसन्स."

"काकू, ओळखलं नाहीत? मी चारुदत्त, आपल्या मंडळातला."

"ओळखलं. म्हणूनच विचारते."

तो रुसला नाही. खिशातून लायसन्स काढून दिलं. गौरांगीने खुर्चीत बसूनच सिटीच्या ऑफिसला फोन लावला, नंबर वाचून दाखवला, पलीकडचं नीट ऐकलं. तिने मान हलवली, तेव्हा सासू दारातून बाजूला झाली.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी भिंत पाडायला, खांब काढायला येईल, तेव्हा मोठ्यांच्या मागे लागा. लायसन्स बघा म्हणा, फोन करून खात्री करा म्हणा. मोठी माणसं डोळे वटारतील, संकोच करतील, वटारू दे. विचारल्यामुळे कुणी रुसलं तर रुसू दे. रुसलेला माणूस समजूत घातली की परत येतो. गौरांगीचे पाय आले नाहीत.