ताईचे खोटे दागिने

ताई एका मोठ्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होती. दिवसभर कानाला हेडफोन, समोर भिंत. तिचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, चेहरा फारसा कुणाच्या नाही. तरी रोज सकाळी आरशासमोर उभी राहून ती दागिना निवडायची. सगळे खोटे: काच, पितळ, उडालेला मुलामा. जुन्या बाजारात तुटक्या कुलपांच्या आणि चष्म्यांच्या ढिगातून ती ते शोधून आणायची.

"फोनवर कुणाला दिसतोय तुझा ब्रोच?" धाकटा भाऊ चिडवायचा.

"मला दिसतो ना! आवाजच बदलतो माझा."

भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. घरात दोघंच, लग्नाचं दोघांनीही कधी मनावर घेतलं नव्हतं. तिने आणलेल्या माळांचे वाकडे आकडे सरळ करणं, निखळलेले खडे बसवणं हे काम आपसूक त्याच्याकडे यायचं. ती शेजारी बसून बडबडत राहायची.

"ही बाई डावखुरी असणार. बघ की, कशी उलट्या बाजूने झिजलीय पीन. आणि ही भारी नटवी!"

दागिन्यांपेक्षा ते आधी घालून गेलेल्या बायकांचंच तिला वेड होतं.

निवृत्तीनंतर ताई विसरायला लागली. आधी गॅस, मग रस्ते, मग शब्द. डॉक्टर काय म्हणाले ते भावाने तिला सांगितलं नाही. दागिना घालायला मात्र ती चुकत नसे.

मग एका दुपारी ती फिरून आली ती मोकळ्या कानांनी. दुसऱ्या दिवशी गळ्यातली माळ गेली. कुणीतरी हिला लुबाडतंय, या शंकेने भाऊ दुकान बंद करून तिच्या मागोमाग गेला.

बसस्टॉपवर ताईने छातीवरचा ब्रोच काढला आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईपुढे धरला.

"हा तुमचा. माझ्याकडे राहिला होता. जपून वापरला हं."

बाई गोंधळली, कसनुशी हसली आणि ब्रोच घेऊन बसमध्ये चढली.

घरी येताच भावाने दागिन्यांच्या ड्रॉवरला कुलूप लावलं. ताई संध्याकाळभर तो ओढत बसली. बोटं लाल झाली.

"लोकांच्या वस्तू दाबून ठेवल्यात आपण," ती रडत म्हणाली. "चोर नाही रे मी."

त्याला ते बघवेना. त्याने कुलूप काढलं.

तेव्हापासून तो तिच्याबरोबर जायला लागला. निघण्याआधी डोळ्याला भिंग लावून त्या दिवशीची वस्तू तपासायचा. पीन घट्ट आहे ना, खडा हलत नाही ना. काही बायका अंग चोरून लांब सरकायच्या. एकीने कानातले न बघताच कचऱ्याच्या डब्यात टाकले, तेव्हा त्याने ताईला घाईघाईने दुसरीकडे वळवलं. एका म्हातारीने मात्र मण्यांची माळ तिथेच गळ्यात घातली आणि विचारलं, "कशी दिसते?" ताई लहान मुलीसारखी टाळ्या वाजवून हसली.

एखादी वस्तू आपल्यासाठी ठेवून घ्यावी, असं त्याला फार वाटे. एकदा निळ्या खड्याचा ब्रोच त्याने खिशात टाकलाही. पण रिकाम्या हाताने ताई दारातच कावरीबावरी होऊन उभी राहिली. त्याने तो मुकाट्याने काढून दिला.

ड्रॉवर रिकामा झाला तशी ताईला शांत झोप लागायला लागली.

एका सकाळी ती खिडकीपाशी बसली होती आणि भाऊ तिचे केस विंचरत होता. तिने मान वळवून त्याला निरखून पाहिलं.

"तुम्ही रोज येता," ती म्हणाली. "तुमचं काही राहिलंय का माझ्याकडे?"

त्याच्या हातातला कंगवा थांबला.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही राहिलं."

"बरं झालं बाई," म्हणत तिने मान सरळ केली. मानेपाशी केसांचा गुंता झाला होता. तिला दुखू नये म्हणून तो बोटांनीच हळूहळू सोडवायला लागला.