फक्त एकदा उघडा

वर्गात मॅडम वर्षानुवर्षं एकच उदाहरण देत आल्या होत्या. स्वयंपाकघरातला ओटा लहान, माळा मोठा. ओट्यावर मावतील तेवढेच डबे हाताशी ठेवायचे. नवा डबा आला आणि जागा नसली, तर आधीच्यातला कुठला उचलून वर टाकायचा? पोरं नाना तऱ्हा सांगायची. सगळ्यात मोठा, सगळ्यात जुना, ज्याचं झाकण नीट बसत नाही तो. मॅडम सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ज्याला सगळ्यात जास्त काळ कुणी हात लावला नाही, तो. इतके दिवस लागला नाही तो पुढेही लागणार नाही, असं धरून चालायचं."

मागच्या बाकावरून एखादा हटकून विचारायचा, "आणि लागला तर?"

"तर आपलं चुकलं. पण बहुतेक वेळा बरोबर येतं. पुढचं कुणालाच दिसत नाही, तेव्हा मागचं बघूनच ठरवायचं."

ही संगणकाच्या मेमरीची गोष्ट होती, पण पोरांना ती ओट्यासकट लक्षात राहायची. मॅडम कडक होत्या, तरी त्यांच्या वर्गात बाक रिकामे नसायचे. विभागात काही अडलं की मुख्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांच्याकडेच धाव घ्यायचे. म्हणून विभागाचा सर्व्हर काठोकाठ भरला, तेव्हा तो रिकामा करायचं कामही आपसूक त्यांच्याच गळ्यात पडलं. कुणाच्या फाइली ठेवायच्या आणि कुणाच्या काढायच्या, यावरून बैठकीत सगळे हमरीतुमरीवर आले होते. मॅडमनी वाद मिटवला. वर्गात शिकवायच्या तोच नियम त्यांनी तिथे लावून दिला. बराच काळ कुणी उघडली नसेल ती फाइल काढायची. त्याआधी मालकाला सूचना पाठवायची, एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. काढल्यावरही सत्रभर कचरापेटीत ठेवायची, आणि मगच कायमची पुसायची. कुणावर अन्याय नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. यापेक्षा सभ्य नियम कुणाला सुचलाही नसता.

त्या सर्व्हरवर सरांचा एक फोल्डर होता.

सर म्हणजे मॅडमचे यजमान. दोघं एकाच विभागात. सर शिकवायचे ते मॅडमच्या विषयाच्या अगदी दुसऱ्या टोकाचं: यंत्राला काय करता येईल आणि काय कधीच, कितीही मोठं यंत्र आणलं तरी, करता येणार नाही. "तुझी हमाली चालू दे," ते मॅडमना चिडवायचे. "आणि तुझं ते हवेत तरंगणं," मॅडम उलट सुनवायच्या. मग एक दिवस सर वर्ग घ्यायला निघाले आणि जिन्यातच कोसळले. मुलगी तेव्हा बालवाडीत होती.

सरांना आपले तास रेकॉर्ड करून ठेवायची हौस होती. घरचे व्हिडिओसुद्धा त्यांनी सर्व्हरवरच ठेवले होते. घरच्या डिस्कचा काय भरवसा, म्हणायचे, सर्व्हरच्या राखणीला निदान माणूस असतो. त्यामुळे सरांचा आवाज म्हणून जेवढा काही उरला होता, तो सगळा तिथे होता. आणि त्यातली एक फाइल घरात दंतकथेसारखी झाली होती.

त्या दिवशी बालवाडीला सुट्टी होती आणि मॅडम परीक्षेच्या बैठकीत अडकल्या होत्या. सर मुलीला कडेवर घेऊनच वर्गात गेले. तिला घरी भुंगी म्हणत. रडायला लागली की भुंग्यासारखा एक सूर धरायची आणि तो सोडायची नाही, म्हणून सरांनीच ते नाव ठेवलं होतं. वर्गात तिनं सूर धरला. विषय नेमका होता तो थांबण्याचा प्रश्न. कुठलाही प्रोग्रॅम दाखवला, तर तो कधीतरी थांबेल की नुसताच चालत राहील हे अचूक सांगणारा प्रोग्रॅम लिहिता येईल का? सरांनी फळ्याकडे पाठ केली आणि कडेवरच्या पोरीकडे बोट दाखवलं. "समजा, असा एक सर्वज्ञ माणूस आहे. तो हिच्याकडे बघून म्हणाला, ही आता थांबणार. ही हट्टी आहे, मुद्दाम रडत राहील. तो म्हणाला, ही थांबणार नाही. लगेच गप्प बसेल. त्यानं काहीही सांगितलं तरी ही त्याला खोटं पाडणार. म्हणजे असा सर्वज्ञ असूच शकत नाही." मग भुंगीला म्हणाले, "रड हं. थांबू नकोस, अजिबात थांबू नकोस." आणि भुंगी खरंच गप्प झाली. वर्ग हसून लोटपोट झाला. संध्याकाळी घरी येऊन सरांनी हे सगळं साभिनय करून दाखवलं होतं.

ते गेल्यावर काही महिन्यांनी मॅडमनी ती फाइल लावायचा प्रयत्न केला होता. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग सरांनी घसा खाकरला. बस. मॅडमनी झटकन फाइल बंद केली आणि कितीतरी वेळ टेबलाची कड घट्ट धरून बसून राहिल्या. पुन्हा कधी लावली नाही. मात्र दर वर्षी सर गेले त्या तारखेला त्या फोल्डरपर्यंत जायच्या, फाइलींची नावं डोळ्यांखालून घालायच्या, सगळं जागच्या जागी आहे ना बघायच्या, आणि परत फिरायच्या.

भुंगी मोठी होत गेली तशी खनपटीला बसायला लागली. "आई, मला बाबांचा आवाज आठवत नाही. ऐकव ना." मॅडम टोलवायच्या. आधी, तू जरा मोठी हो. मग, दहावी होऊ दे. ती संगणकशास्त्रालाच आली तेव्हा म्हणाल्या, "तिसऱ्या वर्षाला तो विषय येतो. नुसता आवाज ऐकून काय करशील, काय म्हणताहेत तेही समजायला हवं. तेव्हा दोघी मिळून ऐकू." कारण वरवर शहाणपणाचं होतं. खरं हे होतं की त्यांची छाती होत नव्हती.

तिसरं वर्ष आलं. गेल्या सत्रात विषय सुरू झाला त्याच आठवड्यात भुंगीनं विचारलं. "धडा तरी येऊ दे," मॅडम म्हणाल्या. धडा या सत्रात आला. वर्ग सुटल्या सुटल्या पोरगी धावत मॅडमच्या खोलीत आली. हातात हेडफोनच्या दोन जोड्या, आणि दोन्ही एकाच ठिकाणी लागतील अशी एक दुहेरी पिनही कुणाकडून तरी मागून आणलेली.

"झाला धडा," ती दम खात म्हणाली. "आता काही सबब सांगू नकोस."

मॅडम हसल्या. उठून दार लोटलं, खुर्ची सरकवून लेकीला शेजारी बसवलं, आणि फोल्डर उघडला.

तो रिकामा होता.

आपणच चुकीच्या जागी आलो असं त्यांना वाटलं. पुन्हा वरून सुरुवात केली. नाव तेच, जागा तीच. फोल्डर शाबूत होता, आत काही नव्हतं. भुंगी हेडफोन कानाला लावून पडद्याकडे बघत होती. "काय झालं?"

"काही नाही. थांब." मॅडमनी सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन लावला.

तो लगेच वर आला. सरांचाच जुना विद्यार्थी, आता केसांत पांढरं डोकावायला लागलेला. त्यानं उभ्या उभ्याच नोंदी पाहिल्या आणि त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, नियमात गेल्यात त्या."

"कुठल्या नियमात?"

"आपल्या. म्हणजे... तुम्ही लावलेल्या. पहिल्याच सफाईत, गेल्या सत्रात. बरीच वर्षं उघडलेल्या नव्हत्या ना."

"मी दर वर्षी बघते," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला होता. "दर वर्षी जाऊन बघते मी!"

वाक्य संपायच्या आत मॅडमनाच कळलं होतं. नुसती यादी बघितली तर फाइलला हात लागत नाही. यादी फोल्डरची असते. फाइल उघडावी लागते, तरच तो वापर. हे त्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवायच्या आणि परीक्षेतही विचारायच्या. चुकलेल्यांचे गुणही कापायच्या.

"कचरापेटी?" त्यांनी विचारलं.

"सत्र संपलं तेव्हा रिकामी झाली."

"बॅकअप?"

"जागेसाठी तेही फिरवतो आपण. जुन्यावर नवं." तो खाली बघत म्हणाला. "मॅडम, मला काढायच्या फाइलींच्या यादीत सरांचं नाव दिसलं होतं. वाटलं, नियम तुमचाच आहे, तुम्ही आधीच काढून घेतलं असेल. विचारायला हवं होतं मी. कसं विचारावं, ते कळेना."

"सूचना गेल्या होत्या ना?" हे भुंगीनं विचारलं. "आई, तू म्हणाली होतीस, आधी सूचना जातात. मग तुला कशी नाही आली?"

सर्व्हरवाल्यानं मॅडमकडे पाहिलं. मॅडमच म्हणाल्या, "सूचना मालकाला जाते."

सरांचं ईमेलचं खातं कुणी बंद केलेलं नव्हतं. मॅडमनीच करू दिलं नव्हतं. नियमाप्रमाणे पत्रं सरांना गेली होती, एकामागून एक, कुणी न उघडणाऱ्या त्या पेटीत. मजकूर मॅडमना पाठ होता, कारण तो त्यांनीच लिहिला होता. लोकांना सरकारी वाटू नये म्हणून मुद्दाम साध्या भाषेत लिहिला होता. 'ही फाइल बरेच दिवस उघडलेली दिसत नाही. हवी असेल तर फक्त एकदा उघडा, मग ती आपोआप राहील.' खाली मॅडमचं नाव.

वगळायच्या फाइलींची एक सोयही त्यांनी ठेवली होती. प्रश्नपत्रिका, निकाल, सगळं आठवून आठवून तिथे घातलं होतं. सरांचा फोल्डर घालायचा राहिला, असं म्हणता येणार नाही. तो घालावा असं मनातच आलं नव्हतं. वापरात नसलेल्या गोष्टींचा विचार चालला होता, आणि त्यांच्या लेखी तर ती फाइल रोज वापरात होती. सकाळी डोळे उघडल्यापासून ती तिथे आहे याच भरवशावर त्यांचा दिवस उभा राहायचा.

भुंगीनं दोन्ही हेडफोन नीट गुंडाळले, पिशवीत घातले आणि ती निघून गेली. दार तिनं आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं मॅडमना वाटलं.

सर्व्हरवाला जाता जाता म्हणाला, "जुन्या बॅचच्या लोकांना विचारून बघतो. कुणाकडे असेल एखादी कॉपी." तो मनापासून म्हणाला. पण कुणी कशाला ठेवली असेल? सर्व्हरवर होती ना.

संध्याकाळी मॅडम घरी आल्या तर भुंगी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. चहा करून ठेवला होता, दोघींचा, आणि तो निवून गेला होता. मॅडमनी पिशवी खाली ठेवली. माफ कर म्हणायचं तर ते तोकडं वाटत होतं.

"मी ओरडणार होते तुझ्यावर," भुंगी म्हणाली. "सगळं ठरवून ठेवलं होतं काय काय बोलायचं ते."

"बोल ना."

"नाही. तू सांग. आवाज कसा होता?"

मॅडम स्टुलावर बसल्या. "जाड नव्हता. मध्यमच. पण वाक्याच्या शेवटी जरा वर जायचा, विचारल्यासारखा. तू रडत असलीस ना, की म्हणायचे, रड हं. थांबू नकोस." त्या थांबल्या. "नाही, असं नाही. 'थांबू'वर जोर असायचा. थांबू नकोस." पुन्हा म्हणून पाहिलं. एकदा खालच्या पट्टीत, एकदा शेवट लांबवून. शब्द सगळे बरोबर होते. प्रत्येक वेळी निघत होता तो आवाज त्यांचा स्वतःचा होता, वर्गात ओट्याचं उदाहरण सांगणारा.

"आई, हा तुझाच आवाज आहे."

"हो गं," मॅडम म्हणाल्या. "मला वाटायचं, फाइल नाही लावली तरी माझ्या डोक्यात आहेच ना तो. कधीही काढीन. आज काढायला गेले तर..." आपल्याजवळही तो राहिलेला नाही हे त्यांना आत्ताच, तिच्यासमोर, कळत होतं.

तेव्हा भुंगीचा बांध फुटला. ती खाली फरशीवर बसली आणि तिनं आईच्या मांडीत तोंड खुपसलं. रडणं सुरू झालं आणि मॅडमनी तो सूर ओळखला. एकसुरी, मध्ये श्वास न घेणारा, अगदी तोच. तेवढा एक आवाज त्या घरात जसाच्या तसा राहिला होता.

मॅडमनी तिच्या केसांवरून हात फिरवला. मग वाकून तिच्या कानाशी, जमेल तितकं सरांसारखं म्हटलं, "रड, भुंगी. थांबू नकोस हं. अजिबात थांबू नकोस."

हे ऐकलं की ती हटकून गप्प व्हायची. मॅडम श्वास रोखून वाट बघत राहिल्या.

भुंगी थांबली नाही.