खोटे बारा पॉइंट चार

मित्रांनो, आत्ता किती वाजले हे मला विचारू नका. ते काम भिंतीवरच्या आणि मनगटावरच्या घड्याळांचे. मी एक जुने, किल्लीचे स्टॉपवॉच आहे. माणसाला इथून तिथे पोहोचायला किती वेळ लागला, एवढेच मी सांगतो. पण सांगतो ते सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत चोख. माझ्या काचेला तडा गेला आहे, पाठीवरचा मुलामा उडाला आहे आणि वयोमानाप्रमाणे स्वभाव जरा चिडका झाला आहे. आतली चक्रे मात्र शाबूत आहेत आणि स्मरणशक्तीही.

माझा जन्म घड्याळांच्या कारखान्यात, एका लांबलचक टेबलाच्या टोकाला झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी चिमट्याने माझे एकेक चक्र बसवले. काम करताना त्या कोणाशी बोलत नसत, कारण नुसत्या श्वासाने आमचे स्क्रू उडून जात. मला बांधून झाल्यावर त्यांनी तीन दिवस एका मोठ्या घड्याळाशेजारी ठेवून माझी परीक्षा घेतली. चौथ्या दिवशी शेजारणीला म्हणाल्या, "हे लबाडी करणार नाही." हे प्रशस्तिपत्रक मी आजवर जपले आहे.

तिथून मी सरांच्या गळ्यात आलो. सर शाळेत खेळ शिकवत. बुटाच्या काळ्या नाडीत ओवून त्यांनी मला छातीवर अडकवले आणि अंघोळ व झोप सोडली तर मी तिथेच असे. शर्यतींत वेळ नोंदवायला सरांनाच बोलावणे यायचे. त्यांच्या अंगठ्याइतका शिस्तीचा अंगठा मी दुसरा पाहिला नाही.

या अंगठ्याची एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. वेळ घेणारा शंभर मीटरच्या शर्यतीत शेवटच्या रेषेवर उभा असतो आणि पिस्तूल झाडणारा पार दुसऱ्या टोकाला. पिस्तुलाचा धूर लगेच दिसतो, पण आवाज यायला जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतात. म्हणून धूर दिसताच बटण दाबायचे. आवाजाची वाट पाहायची नाही. सरावाला पिस्तूल कुठले? मैदानाचे माळीकाका दोन लाकडी फळ्या डोक्यावर धरून एकमेकींवर आपटत. नियम तोच. फळ्या मिटलेल्या दिसल्या की दाब. नवीन मदतनीस आला की सर त्याला बजावत, "कान घरी ठेवून ये. इथं डोळ्यांचं काम आहे."

मैदानामागे इस्पितळ होते आणि त्याच्या धोबीखान्यात एक बाई चादरी धुऊन इस्त्री करत. त्यांची मुलगी रोज दुपारी त्यांना जेवणाचा डबा पोहोचवायची. आईला जेवायला जेमतेम वीस मिनिटे मिळत, त्यामुळे पोरगी मैदानातून आडवी पळत सुटायची. पाय लांब आणि काटकुळे, म्हणून शाळेत तिला 'नाकतोडा' म्हणत. एके दिवशी सरांना राहवले नाही. ती फाटकातून शिरताच त्यांनी मला चालू केले आणि ती इस्पितळाच्या भिंतीशी पोहोचताच थांबवले. माझ्यावरचा आकडा पाहून सर ते अंतर पावलांनी मोजत गेले, परत मोजत आले आणि दुसऱ्या दिवशी तिची वाट अडवून उभे राहिले.

"हातात डबा असताना एवढी पळतेस, तर रिकाम्या हातानं किती पळशील?"

"बाजूला व्हा सर," ती म्हणाली. "पातळ भाजी आहे. सांडली तर आई रागावते."

अशी आमची ओळख झाली. पुढची दोन वर्षे तिने एक दिवस सराव चुकवला नाही. पायात थोरल्या बहिणीचे जुने बूट, पुढे कापूस कोंबलेला. सर एक सांगायचे, ती दोन करायची. "पुरे" म्हटले की तिला राग यायचा. आईचे म्हणणे एवढेच होते, की पळून कोणाचे भले झाले आहे ते एकदा दाखवा. सरांकडे याला उत्तर होते. राजधानीत खेळाडूंचे एक वसतिगृह होते. राहणे, शिकणे, जेवण, सराव, सारे तिथेच. मुलींसाठी अट होती, सोळा पूर्ण व्हायच्या आत शंभर मीटर साडेबारा सेकंदांत. वर्षातून दोनदा निवड चाचणी व्हायची. सोळा पूर्ण व्हायला तिला वर्षही उरले नव्हते, म्हणजे दोनच संधी होत्या.

आणि माझ्या तबकडीवर तिचे बारा पॉइंट चार येऊ लागले होते. सर तो आकडा वहीत लिहीत, खाली दोन रेघा ओढत. माळीकाका फळ्या आपटूनच टाळ्या वाजवत. सगळे खूश होते. मी सोडून.

कारण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी त्या मैदानावर सरांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. वर्षभरापासून सरांचा अंगठा उशिरा पडत होता. फळ्या मिटायच्या, पोरगी सुटायची, आणि आवाज आल्यावर मग कुठे बटण दाबले जायचे. मला उशिरा सुरू केले तर मी कमी वेळ दाखवणार, त्यात माझा काय दोष? पण मला तोंड नाही. दररोज खोटा आकडा दाखवताना माझी कशी घालमेल व्हायची, ते माझे मला माहीत.

पहिली चाचणी झाली. तिथे तीन पंच, तीन घड्याळे आणि सहा तरणे डोळे होते. तिघांचाही आकडा एकच आला. बारा पॉइंट सात. निवड अधिकाऱ्यांनी सरांनी भरलेला अर्ज हातात धरला आणि सगळ्यांदेखत विचारले, "सर, बारा चार लिहिलंय तुम्ही. कुठल्या मैदानावरचे हे?" सरांचा चेहरा उतरला. पोरगी म्हणाली, "मीच घाबरले असेन." परतीच्या वाटेवर ती सरांची समजूत घालत होती आणि सर ती घालू देत होते. सरांचा मला तेवढा राग कधीच आला नव्हता.

पुढे तर कहरच झाला. सरांनी मला घड्याळजीकडे नेले. म्हणे, घड्याळ बिघडले असेल! मी! घड्याळजींनी मला दोन दिवस ठेवून घेतले, उघडले, पुसले, ताडून पाहिले. परत देताना भिंग न काढताच म्हणाले, "घड्याळ चोख आहे. बोट तपासून घ्या." सरांनी मला गुपचूप खिशात टाकले.

त्याच आठवड्यात पोरीचा घोटा दुखावला. बसून राहणे तिला जमेना, म्हणून सरांनी तिला शेवटच्या रेषेवर आपल्या शेजारी उभे केले आणि लहान मुलींच्या वेळा लिहायला सांगितले. पहिली मुलगी तयार झाली. माळीकाकांनी फळ्या आपटल्या. आवाज आला. सरांचा अंगठा पडला. पोरीने वही मिटली.

"सर, तुम्हाला फळ्या दिसत नाहीत?"

सरांनी टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले. "तिथं कोणीतरी उभं आहे एवढं दिसतं," ते म्हणाले. "फळ्या नाही दिसत. वर्ष झालं."

"मग इतके दिवस आवाजावर?"

"हं."

"म्हणजे माझे बारा चार कधी नव्हतेच."

"सांगितलं असतं तर मैदान सुटलं असतं माझं, पोरी."

"आणि माझं सुटलं, त्याचं काय?"

ती निघून गेली. लंगडत गेली, पण एकदाही थांबली नाही. चार दिवस ती आली नाही. सर रोज यायचे, मला गळ्यात अडकवून बाकावर बसायचे आणि बटणाला हात लावत नसत. मला त्यांची कीव येत होती आणि रागही जात नव्हता. दोन्ही एकदम वाटू शकते, हे मला तेव्हा समजले.

पाचव्या दिवशी मायलेकी आल्या. आई कामावरून तशाच आल्या होत्या, कमरेला ओला एप्रन, हात वाफेने लाल. सर उठून उभे राहिले.

"सर, मी दिवसाला दोनशे चादरी करते," आई म्हणाल्या. "डाग राहिला तर घडीत लपवत नाही, परत धुते. डोळ्यांच्या विभागाच्या चादरी माझ्याकडेच येतात. तिथल्या सिस्टरशी बोलले आहे. सोमवारी तुमचं नाव लागलंय. येताय ना?"

"येतो," सर म्हणाले.

"आता मला सांगा," पोरगी म्हणाली, "तीन दशांश कुठून आणायचे?"

"दोन पुरतात. बारा सातवरून बारा पाच."

"मला तीन हवेत. तुमच्या वहीत बारा चार लिहिलेत ना? ते मला खरे करायचेत."

सरांनी मला गळ्यातून काढले आणि आईंच्या हातात ठेवले. घोटा बरा झाला आणि तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत शेवटच्या रेषेवर आई उभ्या राहू लागल्या. त्यांचा अंगठा इस्त्रीने घट्टे पडलेला होता आणि त्याला दयामाया ठाऊक नव्हती. फळ्या मिटल्या की पडलाच. "बारा आठ. परत," त्या ओरडायच्या. "बारा सात. परत. ही काय सहलीला आली आहे?" पोटच्या पोरीलाही त्यांनी कधी अर्धा दशांश सोडला नाही. मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

सरांच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले. हिरवी पट्टी बांधून ते स्टूल घेऊन बसायचे, पण आता सुरुवातीच्या रेषेवर. मित्रांनो, इतकी वर्षे माझ्यापायी ते शेवटच्या रेषेला बांधलेले होते. पोरगी सुटते कशी, हे त्यांनी जवळून कधी पाहिलेच नव्हते. आताही दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. तिसऱ्याच दिवशी त्यांनी तिला हाक मारली. "चौथ्या पावलाला तू उभी राहतेस. आधी पावलं टपटप पडतात आणि मग एकदम धप्. दहा पावलं वाकूनच जा. समोर बघू नकोस, शेवटची रेषा कुठं पळून जात नाही."

दहा पावले वाकून जायला शिकण्यात तिचे दोन महिने गेले. ती किती वेळा तोंडावर पडली याची मोजदाद माझ्याकडे नाही. गुडघ्यांवरची खपली वाळायच्या आत नवी जखम व्हायची. घरी म्हणे ती ओट्यापासून दारापर्यंतही वाकून जायची आणि आई पाठीत धपाटा घालायच्या. तिसऱ्या महिन्यात बारा सहा आले. चौथ्यात बारा सहाच. पाचव्यातही बारा सहा. त्या संध्याकाळी ती ट्रॅकवर बसून ढसाढसा रडली, मग नाक पुसले आणि माळीकाकांना म्हणाली, "घ्या फळ्या." त्या वेळी बारा पाच आले.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी सर आधी निवड अधिकाऱ्यांकडे गेले. मी तेव्हा आईंच्या मुठीत होतो, सारे ऐकले. "मागच्या वेळी माझं घड्याळ बरोबर होतं," सर म्हणाले, "आणि पोरगीही बरोबर होती. डोळे गेले होते माझे, ते मी लपवलं. माझं नाव पंचांच्या यादीतून काढा." अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला, मान हलवली आणि त्यांना बसायला खुर्ची दिली.

पिस्तुलाचा धूर दिसला. आईंचा अंगठा पडला. मी धावू लागलो. पोरीने मान खाली घातली ती दहाव्या पावलापर्यंत वर केली नाही. मध्यावर ती तिसरी होती, मग दुसरी, आणि मग तिच्यापुढे कोणी नव्हते. पंचांनी घड्याळे एकमेकांना दाखवली. बारा पाच, बारा चार, बारा चार. मधला आकडा धरतात. पंचांनी खडूने फळ्यावर बारा पॉइंट चार लिहिले, तेव्हा सर आपल्या एका चांगल्या डोळ्याने तो फळा कितीतरी वेळ वाचत बसले. आई मला दोन्ही हातांत धरून रडत होत्या आणि त्यांच्या आसवांनी माझी काच भिजली होती.

ती वसतिगृहात गेली. मग आंतरशालेय विजेती, मग राज्याची, मग देशाची. तिकडे वेळ मोजायला यंत्रे होती. शंभरावा भागही सांगणारी. तिथे माझे काय काम? मी आईंच्या स्वयंपाकघरात, काडेपेट्यांच्या खणात पडलो. दोन वर्षे मला कोणी किल्ली दिली नाही. नाही म्हणायला एकदा झुरळ फिरून गेले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

मग मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी आली. आईंनी टीव्ही लावला आणि अचानक खण उपसायला घेतला. सर आधीच येऊन बसले होते. आईंनी मला पदराने पुसले, हळूहळू किल्ली दिली. माझ्या अंगात पुन्हा धुगधुगी आली. पडद्यावर धूर दिसताच अंगठा पडला. शेवटी मात्र तो क्षणभर उशिरा पडला, कारण आई आधीच खुर्चीवरून उठल्या होत्या. ती जिंकली होती. शेजारपाजारचे दारात जमले. तासाभराने फोन वाजला.

"आई, तुझ्या घड्याळात किती?"

"अगं, जिंकलीस ना तू!"

"ते असू दे. किती आले ते सांग."

आईंनी माझ्याकडे पाहिले. "अकरा चार," त्या म्हणाल्या.

"इथं यंत्रात अकरा तीन आलेत."

"माझ्यात चारच आहेत."

पलीकडून ती हसली. "बरं. मग तुझ्या घड्याळात तीन येईपर्यंत पळते."

मित्रांनो, आम्हा जुन्या घड्याळांना अधूनमधून किल्ली देत जा. नुसते पडून राहिलो की आमचे तेल घट्ट होते. आणि आम्ही दाखवलेला आकडा मनाला लागला, तरी तो आहे तसाच लिहा. तिने तो आईंना स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहायला लावला आहे, अकरा पॉइंट चार, आणि उद्या पहाटे ती पुन्हा सरावाला उभी राहणार आहे.